नंबर अमळनेरचा, नेट जर्मनीचं

अमळनेर तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलंय. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"ताई, माझं वय ५७. मुलगी-जावई जर्मनीत फ्रँकफर्टजवळ राहतात. नोव्हेंबरात मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. दसरा झाला की मी निघणार. मुंबईहून दुबई, दुबईहून फ्रँकफर्ट, एकटीच. मुक्काम ८८ दिवसांचा. मी घरी पापड, बिबडे, कुरडया आणि दिवाळीचा फराळ करून विकते. ऑर्डरी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे क्यूआरवर येतात. मी नसताना जाऊबाई सांभाळतील. मुलगा म्हणतो, आई, फोन माझ्याकडे दे, सगळं करून देतो. मोबाईलवाला म्हणतो, इथलं सिम काढून ठेवा, तिकडे नवं घ्या. आणि आमचे हे म्हणतात, ‘तठे फोन उचलशी ते लाख रुपयानं बिल यी, बंदच ठेव.’ त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, पण त्यांच्याशी रोज बोलल्याशिवाय मला करमणार नाही. तिकडे बारीकसारीक गोष्टीसाठी जावयाला विचारायचंही जिवावर येतं. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी मुलाला सांगा, फोन तुझ्या हातात देणार नाही. तू शेजारी बस, तोंडाने सांग, बोट माझंच चालेल. तो प्रेमापोटी म्हणतोय हे मला कळतं. पण त्याने दहा मिनिटांत करून दिलेली सेटिंग दुबईच्या विमानतळावर बिघडली, तर ती तुम्हाला परत लावता येणार नाही. जावयाला विचारायचा संकोच तुम्ही लिहिलाय, त्याचं मूळही इथेच आहे. जे आपल्या हाताने एकदा केलेलं असतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी नोकरी झाली. ट्रंक कॉलचा, म्हणजे एक्स्चेंजमार्फत जोडून घ्यायच्या बाहेरगावच्या फोनचा काळ मी पाहिलाय. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग, अशा तीन प्रकारांत कॉल नोंदवावा लागायचा आणि मुलगा आखातात असलेली माणसं लाइन लागेपर्यंत बाकावर बसून राहायची. तरीही २०१८ साली भाचीकडे सिंगापूरला गेले तेव्हा विमानतळावर माझा बटणांचा फोन मुका झाला. रिचार्ज होता, रोमिंग, म्हणजे परदेशात आपलंच सिम चालायची सोय, चालू होतं, बॅटरी भरलेली होती. पण सिंगापूरने २०१७ मध्येच टू-जी, म्हणजे जुन्या पिढीचं मोबाईल नेटवर्क, बंद केलं होतं आणि माझा फोन फक्त टू-जीचा होता. तो तिथे वाजणं शक्यच नव्हतं. भाची सापडेपर्यंतचा तो तास मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकीला मी बसवून शिकवते. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यामुळे ही अडचण तुम्हाला येणार नाही. पण घरचा बटणांचा फोन ‘असू दे जोडीला’ म्हणून सोबत घेऊ नका. त्याचं काम गावातच आहे, ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपण त्या एकच समजतो. एक तुमचा नंबर आणि दुसरं नेट. नंबर म्हणजे तुमच्या घरावरची पाटी. बँक त्या पाटीवर ओटीपी पाठवते, गिऱ्हाईक ती पाटी बघून ऑर्डर देतं, व्हॉट्सअ‍ॅप तुम्हाला त्याच पाटीने ओळखतं. नेट म्हणजे नळाचं पाणी. ते ज्या गावात असाल त्या गावचं घ्यावं, तिथेच ते स्वस्त पडतं. अमळनेरहून हंड्याने पाणी फ्रँकफर्टला नेणं म्हणजे रोमिंगवर नेट वापरणं. म्हणून नंबर अमळनेरचाच ठेवायचा आणि नेट जर्मनीचं घ्यायचं. दोन्ही एकाच फोनमध्ये, एकाच वेळी. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे का ते आजच बघा. *#०६# दाबलं की पडद्यावर आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचे नंबर येतात. दोन आले तर फोन दोन सिमचा आहे. त्याखाली ईआयडी नावाची लांबलचक ओळ आली तर त्यात ई-सिमही चालतं, म्हणजे कार्ड न घालताही दुसरं कनेक्शन घेता येतं.

मोबाईलवाल्याचा सल्ला मात्र ऐकू नका. इथलं सिम काढून ठेवलं तर बँकेचा ओटीपी येणार नाही. तुमचं यूपीआय त्या सिमला बांधलेलं आहे. अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून आपोआप एक एसएमएस गेला होता, त्यावरून बँकेने तुम्हाला ओळखलं. सिम काढलं, फोन बदलला किंवा अ‍ॅप काढून परत टाकलं, तर ती ओळख पुन्हा करून द्यावी लागते, आणि परदेशातून तो एसएमएस जाईलच याचा भरवसा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला, की अशी अ‍ॅप ज्या सिमवर नोंदवली आहेत ते सिम फोनमध्ये असेल तरच चालावीत. तेव्हा आपलं सिम ज्या खाचेत आहे त्याच खाचेत राहू द्या. जर्मनीचं दुसऱ्या खाचेत घाला. ते घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने ‘नंबर बदलायचा का’ असं विचारलं तर ‘नाही’. कितीदाही विचारलं तरी नाही. त्या एका ‘हो’ने तुमची सगळी गिऱ्हाइकं नव्या नंबरकडे पाहत बसतील.

सिम नुसतं फोनमध्ये असून भागत नाही, ते जिवंतही लागतं. इथे हिशेब चुकतो. दुकानात सर्रास ८४ दिवसांचा रिचार्ज मारून देतात. तुमचा मुक्काम ८८ दिवसांचा, त्यात रिचार्ज निघायच्या आधी दोन-चार दिवस मारलेला. म्हणजे शेवटच्या आठवड्यात, परतीच्या तिकिटाची गडबड असताना, मुदत संपणार आणि थोड्याच दिवसांत ओटीपी येणंही थांबणार. एकतर वर्षाचा रिचार्ज घ्या, नाहीतर मुदत संपायच्या दोन दिवस आधीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि दुसरा रिचार्ज मारायचं काम जाऊबाईंवर सोपवा. रिचार्ज गावातूनही मारता येतो, त्यासाठी फोन जवळ लागत नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. माझ्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का? आणि जर्मनीत असताना मला एसएमएस येण्यासाठी वेगळं काही घ्यावं लागेल का? एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत, पण त्यासाठी सेवा आधी चालू करून घ्यावी लागते, आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. उत्तर कागदावर लिहून घ्या, तारखेसकट.

आता लाख रुपयांच्या बिलाचं. तुमच्या ह्यांची भीती खोटी नाही, अशी बिलं लोकांना आलेली आहेत. पण ती पोस्टपेड नंबरवर येतात, जिथे आधी वापर आणि महिनाअखेरीस बिल असतं. तुमचा नंबर प्रीपेड आहे. त्यात जेवढे पैसे आहेत तेवढेच जाऊ शकतात, मागून घरी बिल येत नाही. हे त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर ८८ दिवस बिचारे धास्तीत काढतील. आणि त्यांचं अर्धं म्हणणं पाळाही. जर्मनीत असताना भारतातल्या नंबरवर आलेला फोन उचलायचा नाही, कारण उचलला की मिनिटाच्या हिशेबाने पैसे कटतात. नुसता वाजला तर काही कटत नाही.

पैसे सगळ्यात जास्त खातं ते नेट, आणि तेही आपल्या नकळत. फोन खिशात असला तरी आत कामं चालूच असतात. फोटो वर चढतात, अ‍ॅप अपडेट होतात, गावाच्या ग्रुपवर सकाळी आलेले वीस व्हिडिओ उतरतात. म्हणून तीन ठिकाणी हात लावायचा. भारतातल्या सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद. ‘मोबाईल डेटा’साठी जर्मनीचं सिम निवडलेलं. आणि तिसरं, जे फार जणांना माहीत नसतं, ते ‘ऑटो डेटा स्विचिंग’. एका सिमची रेंज कमी झाली की फोन स्वतःहून दुसऱ्या सिमचं नेट वापरतो. इथे ही सोय आहे, तिथे तोटा. तेही बंद. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करून टाका. ते तसंही बंदच बरं.

जर्मनीचं सिम विमानतळावर घेऊ नका. तिथे १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमसाठीही ओळख पटवावी लागते, आणि आपल्या पासपोर्टवर, भाषा येत नसताना, प्रवासाने शिणलेल्या अंगाने ते करत बसायचं कशाला? मुलीला आत्ताच सांगा, एक प्रीपेड सिम तिच्या नावावर काढून ठेव. तिथे किराणा घेतात त्या मोठ्या दुकानांतही अशी सिम मिळतात. घरात वायफाय असणार, त्यामुळे मोठा पॅक लागणार नाही. बाहेर औषध आणायला, बागेत बाबागाडी घेऊन फिरायला पुरेल एवढं नेट बस्स झालं. फोनचा सिमचा कप्पा उघडायची ती बारीक पिन आठवणीने न्या, सुईदोऱ्याच्या डबीत ठेवा. नाताळात ती तुम्हाला पॅरिसला नेणार असेल तर तेच सिम फ्रान्समध्येही चालेल. युरोपियन संघाच्या देशांत जून २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. तिकडची सहल ठरली तर सीमेच्या आधी विचारून घ्या.

प्रवासाच्या दिवसाचं वेगळं सांगते, कारण तो दिवस तुम्ही एकट्या आहात. त्या एका दिवसासाठी आपल्या कंपनीचा सगळ्यात छोटा रोमिंग पॅक घ्या. दुबई आणि जर्मनी दोन्ही त्या पॅकच्या यादीत आहेत का, ते आधी बघा. फक्त तेवढ्या दिवसापुरतं डेटा रोमिंग चालू ठेवायचं, मुलीच्या घरी पोचलं की बंद. काही जण म्हणतील विमानतळावर फुकट वायफाय असतं, पॅक कशाला? असतं, दुबईतही आणि फ्रँकफर्टलाही. पण गेट बदललं, विमान उशिरा सुटलं, वायफाय जोडता आलं नाही, अशा वेळी हातात आपलं नेट असलेलं बरं. या ठिकाणी काटकसर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. काटकसरीला पुढचे ८७ दिवस आहेत.

दुबईत एक गोष्ट घडेल आणि तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगते. विमानतळाच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपवरून मुलीला फोन लावाल आणि तो लागणार नाही. जोडतोय जोडतोय असं दिसेल आणि तुटेल. फोन बिघडलेला नसेल. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा आवाजी आणि व्हिडिओ कॉल बंद ठेवलेला आहे. तिथे राहणारे आपले लोक त्यासाठी वेगळी परवानगी असलेली अ‍ॅप वापरतात. पण लिहिलेला मेसेज जातो, फोटो जातो आणि माइकचं बटण दाबून बोललेला आवाजही जातो. तेव्हा तिथे फोन लावत बसू नका. माइक दाबायचा आणि बोलायचं, ‘पोचले गं दुबईला, गेट अमुक, दोन तासांनी विमान आहे.’ मुलीलाही हे माहीत असू द्या. पोटुशी बाई आईच्या फोनची वाट बघत बसायला नको.

विमानात बसल्याबरोबर एअरप्लेन मोड. हवाई सुंदरी सांगते म्हणून तर लावायचाच, पण आणखी एक कारण आहे. बऱ्याच विमानांत वर उडत असताना विमानाचंच मोबाईल नेटवर्क सुरू होतं. फोन उघडा राहिला तर तो त्याला चिकटतो, आणि त्याचा दर जमिनीवरच्या पॅकमध्ये सहसा धरलेला नसतो.

पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत, लाडवांच्या डब्याशेजारी अजिबात नाही, बॅग उघडून काढायला लावतात. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची होते, म्हणजे ती बसते. मात्र अलीकडे बऱ्याच विमान कंपन्यांनी विमानात ती वापरायला मनाई केली आहे, तेव्हा फोन मुंबईतच पूर्ण चार्ज करून चढा. चार्जरचं म्हणाल, तर दोन बारीक गोल पिनांचा आपला मोबाईल चार्जर जर्मनीच्या भोकांत बसतो, वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. तीन जाड पिनांचा बसत नाही. दुबईत चौकोनी पिना लागतात, पण विमानतळावर यूएसबीची भोकं असलेल्या खुर्च्या मिळतात, वायर हाताशी ठेवा.

आणि हे सगळं असूनही एक कागद. मुलीचा पत्ता, तिचा आणि जावयांचा नंबर, विमानांचे नंबर, पासपोर्टचा नंबर. मोठ्या अक्षरांत, बटव्यात. फोन हरवतो, पडतो, बंद पडतो. कागदाला चार्जिंग लागत नाही.

धंद्याचं काय करायचं, यावर मी जरा विचार केला. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनलाही जोडता येतं, तेव्हा तुमचंच खातं जाऊबाईंच्या फोनवर उघडून द्या, असं कुणीतरी सुचवेल. मी तसं करू नका म्हणते. मायलेकींचं बोलणं, बाळंतपणातल्या तक्रारी, डॉक्टरांचे कागद, सगळं तिथे दिसेल. जाऊबाई कितीही चांगल्या असोत, हे त्यांच्या फोनवर जायला नको. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर आपोआप जाणारा निरोप लावा: ‘मी जानेवारीपर्यंत बाहेरगावी आहे, फराळाची ऑर्डर या नंबरवर द्या’ आणि पुढे जाऊबाईंचा नंबर. साधं व्हॉट्सअ‍ॅप असेल तर हाच मजकूर रोज स्टेटसला ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांना दसऱ्याआधी एकदा स्वतः कळवा. क्यूआरचा कागद भिंतीवर आहे तसाच राहू द्या, पैसे तुमच्या खात्यात येतच राहतील. फक्त डाळ, तेल आणि मजुरीचे पैसे जर्मनीत बसून यूपीआयने देईन, यावर विसंबू नका. ती रक्कम जाऊबाईंच्या हातात आधीच देऊन जा. आणि आलेल्या पैशांचा मेसेज तुम्हाला आला की त्यांना कळवायचं, म्हणजे दिलं-घेतलं यावरून घरात शब्दाला शब्द लागणार नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात भावलेली ओळ. रोज बोलल्याशिवाय करमणार नाही. बटणांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल होत नाही आणि जर्मनीच्या सिमवरून सरळ फोन लावणं महाग पडतं. तेव्हा वेळ ठरवून जाऊबाईंच्या फोनवर बोला, व्हिडिओ कॉलच करा, म्हणजे त्यांना तोंड दिसेल. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवा. ते शेतातून आलेले असतात, जाऊबाईंचा स्वयंपाक व्हायचा असतो. तुम्ही पोचाल तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र जर्मनीतली सगळी घड्याळं एक तास मागे घेतात. त्या दिवसापासून आपल्या साडेसातला तिकडे तीन वाजतील. फरक साडेतीन तासांचा होता, तो साडेचार तासांचा होतो. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, भिंतीवरचं नाही. ह्यांना सांगून ठेवा, की सकाळी सहाला दूध काढून झालं की आठवण येईल, पण तेव्हा तिकडे रात्रीचे दीड वाजलेले असतील.

मधल्या वेळी तातडीचं काही निघालं तर? त्यासाठी आपल्या खान्देशातली जुनी युक्ती आहेच, मिस कॉल. त्यांनी बटणांच्या फोनवरून तुमच्या नेहमीच्या नंबरवर रिंग द्यायची. त्यांना तो गावातल्या गावात लावल्यासारखाच पडतो. तुम्ही उचलायचा नाही, त्यामुळे तुम्हाला काही पडत नाही. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरून जाऊबाईंच्या फोनवर उलट फोन करायचा. एक मिस कॉल म्हणजे सवडीने कर, लागोपाठ दोन म्हणजे आत्ता कर. हे दोघांत ठरवून ठेवा. व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या फोनचा निरोप साठवायची सोय, चालू असेल तर तेवढी बंद करून घ्या, नाहीतर न उचललेला फोन तिकडे वळतो आणि त्याचे पैसे लागू शकतात.

त्यांना मुलीच्या जर्मन नंबरवर फोन लावायची वेळ आलीच, तर तोही शिकवा. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं. मग ४९, आणि मुलीच्या नंबरातलं पहिलं शून्य गाळून पुढचे आकडे. हे शून्य गाळायचं राहतं आणि माणूस म्हणतो नंबरच चुकीचा आहे. एक्स्चेंजमध्ये मी हे किती जणांना सांगितलं असेल. त्यांच्या फोनमध्ये तो नंबर असाच साठवून द्या. तुमच्या फोनमधले घरचे नंबरही अधिक ९१ लावून साठवा, नाहीतर जर्मनीतून लागणार नाहीत.

दूर असताना एका गोष्टीची काळजी मला वाटते ती ह्यांच्या बाजूने. बाई परदेशात गेली हे गावात सगळ्यांना कळतं. उद्या कुणी फोन करून म्हणेल, ‘तुमच्या बायकोला विमानतळावर अडवलंय, पन्नास हजार टाका.’ आवाज रडका असेल, घाई लावतील. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो बाहेर कुणाला माहीत नाही. तो शब्द सांगितल्याशिवाय एक रुपया कुणाला द्यायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही आणि त्यांनीसुद्धा नाही. फसवणूक झालीच तर इथून १९३० वर लगेच फोन करायचा. हा नंबर जाऊबाईंनाही सांगा.

तिकडचा एक नंबर तुम्ही पाठ करायचा, ११२. रुग्णवाहिका आणि अग्निशमन, दोन्हीसाठी तोच. जर्मनीत २००९ पासून सिम नसलेल्या फोनवरून तो लागत नाही, म्हणूनही फोनमध्ये चालू सिम हवंच. जावई कामावर, मुलगी कळा देतेय आणि फोन तुमच्या हातात, अशी वेळ येऊ शकते. मुलीकडून तीन वाक्यं जर्मनमध्ये, पण आपल्या अक्षरांत लिहून घ्या: पत्ता, मुलीचं नाव, आणि ‘बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यात, लवकर या’. तो कागद फ्रिजवर लावा आणि रोज एकदा मोठ्याने वाचा. बाकी दुकानात, औषधाच्या दुकानात गूगल ट्रान्सलेट कामाला येईल. जाण्याआधी मराठी आणि जर्मन दोन्ही भाषा त्यात उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही अक्षरं उलगडतील. कॅमेरा डब्यावर धरला की आत मीठ आहे की साखर ते कळतं. मेथी, ओवा, बाळंतशोपा तुम्ही नेणारच आहात, पण तूप-रवा तिथलाच घ्यावा लागेल.

तिथल्या लोकांत वावरताना फोनची थोडी रीत पाळावी लागते. रेल्वेत, बसमध्ये स्पीकरवर बोलू नका. आपल्याकडे एसटीत चालून जातं, तिथे लोकांना ते खरंच खुपतं. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दवाखान्यातही आधी विचारा, मगच फोन काढा.

आता दसऱ्याआधी चार संध्याकाळी मला द्या. मुलगा शेजारी, फोन तुमच्या हातात. पहिल्या दिवशी एअरप्लेन मोड लावायचा, त्यातच वायफाय चालू करायचं आणि जाऊबाईंना व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावायचा. लागला की तुम्हाला कळेल, सिमचं नेट नसतानाही कसं बोलता येतं. दुसऱ्या दिवशी माइकचा निरोप दहादा पाठवा. तिसऱ्या दिवशी मुलाकडचं दुसरं कुठलंही सिम दुसऱ्या खाचेत घाला, नेटसाठी ते निवडा, परत आपलं निवडा. डेटा रोमिंगचं बटण कुठे आहे ते बोटाला पाठ होऊ द्या. चौथ्या दिवशी मुलगा घराबाहेर आणि तुम्ही एकट्या. त्याने सेटिंग बिघडवून ठेवायची, तुम्ही सरळ करायची. पुरणपोळी खापरावर टाकायला शिकलात तेव्हा पहिल्या किती फाटल्या होत्या, आठवा. इथे तर चार दिवसांत जमेल.

आणि ज्या घडीसाठी एवढं चाललंय, त्या घडीचं. बाळ झालं की पहिला फोन जावयांना त्यांच्या आईला करू द्या, दुसरा तुमचा. तेव्हा साडेसातची वेळ आणि घड्याळाचा हिशेब सगळं बाजूला. अमळनेरला पहाटेचे तीन वाजले असले तरी जाऊबाईंचा फोन वाजू द्या. त्या उठतील आणि ओट्यावर निजलेल्या ह्यांना उठवून फोन त्यांच्या कानाला लावतील.